सण वाढवू नको बाई, एक काम कमी कर

आधी पत्र देते, थोडं कापून.

"ताई, मी परभणीची, वय ४४. एका पतसंस्थेत क्लर्क आहे. मालक गावाकडं शेती बघतात, लाईट रात्रीची असली की आठवडा आठवडा पाण्यावरच असतात. पोरगी लातूरला नीटच्या क्लासला, पोरगं दहावीला, सासूबाईंचे गुडघे गेलेत. पाचला उठते, अकराला आडवी होते. नोव्हेंबर लागला की मला काहीतरी होतंय. ऑफिसातून निघायच्या टायमाला अंधार पडलेला असतो आणि स्कूटीवर उगाच रडू येतं, घरी येईस्तोवर डोळे पुसून घेते. परवा रीलमध्ये बघितलं, २१ डिसेंबरची रात्र सगळ्यात मोठी, त्या दिवशी बायका मेणबत्त्या लावतात, टबात गुलाबाच्या पाकळ्या टाकून अंघोळ करतात, डायरी लिहितात, स्वतःसाठी आराम करतात. मैत्रिणीनं पुण्यात पैसे भरून असं वर्कशॉप केलं. मलापण काहीतरी करावं वाटायलंय. पण घरात हसतील आणि आमच्याकडं टब पण नाही. आपल्यात असं काही असतं का, का हे नुसतं फॅड? – दमलेली, परभणी"

दमलेली बाई,

टबाचं आधी मिटवून टाकू. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातुरात बसून मी तुला टबातल्या अंघोळीचं कौतुक सांगू शकत नाही, मला आजही पाणी पिऊन भांड्यात उरलेला घोट कुंडीत ओतायची सवय आहे. टब भरून त्यात पाकळ्या सोडल्यास तर शेजारीण बादली घेऊन दारात उभी राहील आणि तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. बादली-तांब्यात जमतंय ते बघू.

पण नुसतं फॅड आहे असंही मी म्हणणार नाही हं. जपानात ह्या दिवशी युझू म्हणून लिंबाच्या जातीची फळं असतात ती गरम पाण्यात सोडून अंघोळ करतात आणि लाल भोपळा खातात. इराणात ह्या रात्रीला यल्दा म्हणतात, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं सगळे जमतात, डाळिंबं सोलतात, उन्हाळ्यातलं राखून ठेवलेलं कलिंगड कापतात आणि हाफिजच्या कविता वाचत रात्र जागवतात. चीनमध्ये उत्तरेकडं मोदकासारखं सारण भरलेलं उकडून खातात, दक्षिणेकडं तांदळाच्या पिठाचे गोळे. म्हणजे हे कुणाच्यातरी आजी-पणजीनं केलेलंच आहे सगळं, रीलवाल्यांनी त्यातली मेणबत्ती तेवढी उचलली. तुझ्या मैत्रिणीनं पैसे भरले त्यालाही मी नावं ठेवणार नाही, तीन तास मोबाईल बंद ठेवून कुणी "आई, माझा डबा" म्हणालं नसेल तर पैसे वसूल झाले तिचे.

आता तुझ्या रडण्याकडं येते. तू नोव्हेंबरपासून म्हणालीस, डिसेंबर नाही म्हणालीस, आणि मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवलाय त्यामुळं मला तिथंच थांबावं लागलं. तुझा हिशोब अगदी बरोबर आहे गं. सगळ्यात लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो हे खरं, पण सगळ्यात लवकर अंधार त्या दिवशी पडत नाही. आपल्याकडं सगळ्यात लवकर सूर्य मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, परभणीला पावणेसहा वाजायच्या जरा आधीच. २१ डिसेंबर येईस्तोवर तो सहा-सात मिनिटं उशिरा मावळायला लागलेला असतो आणि संक्रांतीला सहा वाजून गेलेले असतात. म्हणजे तुझ्या स्कूटीवरचा अंधार जो वाईटात वाईट असायचा तो होऊन गेला बाई, आता तो मागं सरकायलाच लागलाय, तुला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

सकाळचं मात्र उलटं आहे. सूर्य उगवायची वेळ जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढंच जात राहते, २१ डिसेंबरला सातला सात-आठ मिनिटं कमी असताना उगवतो तर संक्रांतीला सातला. कारण असं की सूर्य बरोबर डोक्यावरच्या रेषेत यायची वेळ, म्हणजे खरी दुपार, ती आपल्या घड्याळातल्या बाराला बांधलेली नसते, ह्या दिवसांत ती रोज अर्धा मिनिट पुढं सरकते आणि उगवणं मावळणं दोन्हीला ओढत नेते. त्यामुळं सकाळचा काळोख अजून महिनाभर तरी कमी व्हायचा नाही, आणि तू पाचला उठतेस तेव्हा तर तो मिट्टच असतो. अलार्म अर्धा तास पुढं टाकता येतोय का बघ, ते कसं जमवायचं ते खाली सांगते.

आणि एक लक्षात घे, दिवस लहान म्हणजे आपल्याकडं फार लहान नसतो. मराठवाड्यात ह्या दिवशी साधारण अकरा तासांचा दिवस असतो आणि जूनमधला मोठ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. नॉर्वेच्या उत्तरेला तर महिना-दोन महिने सूर्य तोंडच दाखवत नाही, तिकडं हिवाळ्यातली उदासी हा ओळखीचा आजार आहे, दिवे लावून त्याच्यावर उपचार करतात. आपल्याला अकरा तास ऊन असतं पण ते बाहेर असतं आणि तू पतसंस्थेत ट्यूबलाईटखाली असतेस, हा तुझा प्रॉब्लेम आहे. तू अंधारात उठतेस, अंधारात घरी येतेस आणि मधला सगळा उजेड ठेव-पावत्यांवर जातो. सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की शरीराला कळतं दिवस उजाडला, आणि मग रात्री झोपही वेळेवर येते, तुझ्या त्या घड्याळाला कुणी चावीच देत नाहीये.

म्हणून पहिली गोष्ट, मेणबत्ती वगैरे नंतर, आधी ऊन खा. सकाळचा चहा ओट्यापाशी उभ्यानं पिऊ नको, गच्चीत नाहीतर दारात बसून पी, ऊन अंगावर घेऊन, दहा मिनिटं का होईना. दुपारी डबा खायच्या सुट्टीत बाहेर ये. त्याला एक रुपया लागत नाही आणि कुणी हसतही नाही, हिवाळ्यात ऊन खात बसलेल्या माणसाला आपल्याकडं कुणी कधी "काय करायलास" असं विचारलेलं मी बघितलं नाही.

आता आपल्यात असं काही असतं का. असतं की. इतकं असतं की मोजता मोजता दमशील. १६ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य धनु राशीत गेला की धुंधुरमास लागतो, माझी आजी झुंजुरमास म्हणायची, झुंजुमुंजू असताना बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत असं दिवस उगवायच्या आत जेवायचं. मग भोगी, तीळ लावलेली भाकरी आणि वांगी-गाजर-पावटा-हरभरा-बोरं सगळं एकत्र घातलेली भाजी. मग संक्रांत. आणि तुला हे माहीत आहे का, साधारण सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि हा सगळ्यात लहान दिवस एकाच टायमाला यायचे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, बहात्तर वर्षांत एक अंश, त्यामुळं हळूहळू अंतर पडत पडत आता तेवीस-चोवीस दिवसांचं झालंय. म्हणजे तिळाचा दिवस मूळचा हाच, तिळतिळानं दिवस वाढतो म्हणतात ते आत्तापासूनचं. आपला सरकारी सौर पंचांगाचा हिशोब आहे ना १९५७ पासूनचा, त्यात २२ डिसेंबरला पौषाची एक तारीख असते. तेव्हा सासूबाईंनी विचारलंच तर सांग उत्तरायण लागलंय म्हणून, खोटं नाही ते.

आणि आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवस. तुमच्या परभणीकडं तितकी नसते म्हणून सांगते. मार्गशीर्षाची अमावस्या, म्हणजे कधी डिसेंबरात कधी जानेवारीच्या सुरुवातीला, त्या दिवशी अख्खं गाव शेतात. बाजारपेठ बंद, रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे. रानात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा, मग भज्जी, आंबिल, उंडे, गव्हाची खीर. ओळखीचा असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. संध्याकाळी पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची. दुसरीकडं राहणाऱ्या लेकी-जावयांना दिवाळीला नाही आलात तरी चालेल, येळवसला या म्हणून सांगतात.

आता इथं मला जे सांगायचंय ते सांगते. आमच्या औश्याकडच्या शेतात माझी आई येळवसच्या आदल्या दिवशी भाज्या निवडायला बसायची ती रात्री बारापर्यंत, आणि परत तीनला उठून चूल पेटवायची. तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, मेथी, चाकवत, कांद्याची पात, काय काय त्या भज्जीत पडतंय, आणि ती चाळीस-पन्नास माणसांची. सगळे जेवले की बापे लोक लिंबाखाली आडवे व्हायचे, पोरं बोरं वेचत फिरायची, आणि बायका काय करायच्या? राखेनं भांडी घासायच्या. दरवर्षी. सण विश्रांतीचा, पण विश्रांती कुणाची हे ठरलेलं असायचं.

एका वर्षी, मी नववी-दहावीत असेन, आईनं जेवणं झाल्यावर काय केलं, वाकळ उचलली आणि सरळ तुरीत गेली. तुरीची उंची माणसाएवढी, आत सावली. तिथं वाकळ टाकून झोपली. कुणाला काही सांगितलं नाही. आम्ही हाका मारल्या, आजीनं दोनदा विचारलं, "कुठं गेली गं ही?" आणि मी बघितलं होतं तरी सांगितलं नाही. भांडी तशीच पडली. मग काकू उठली, मग मला न् चुलतभावाला घासायला लावली, आणि शेवटी आजोबांनी स्वतः मोठी परात घासली, चांगली घासली नव्हती पण घासली. दोन तासांनी आई बाहेर आली, केसात तुरीची पानं, गालावर वाकळीच्या टाक्याचे वळ. कुणी काहीच बोललं नाही. आणि पुढच्या वर्षीपासून तो तिचा ठरलेला कार्यक्रमच झाला, जेवणं झाली की तिला कुणी शोधायचं नाही. मला वाटतं आमच्या घरात तिनं सुरू केलेला एवढा एकच रिवाज असेल, बाकी सगळे तिला सासरकडून मिळालेले.

म्हणून तुला मी मेणबत्त्या, पाकळ्या, डायरी, काढा, सात प्रकारच्या डाळी असलं काही सांगणार नाही. मार्गशीर्षातले गुरुवार तू केलेच असशील, घट मांडून, उपास धरून, ऑफिसला जाऊन. त्यात अजून एक व्रत नको. बायकांचं हे फार होतं बघ, आरामसुद्धा आपण कार्यक्रम करून टाकतो, त्याची तयारी करतो, त्याचं सामान आणतो, त्याची भांडी घासतो आणि वर फोटो टाकतो. तुझ्या दिवसात काही घालायचं नाहीये, काढायचंय. पतसंस्थेत आहेस, वजाबाकी तुला मी काय शिकवणार.

डायरी लिहायची इच्छा असेल तर अशी लिही. एका पानावर पाच ते अकरा सगळी कामं वेळेनिशी मांड, कीर्द लिहितेस तशी. भावना वगैरे लिहू नको, नुसती कामं. मग बघ ह्यातलं कुठलं काम तुझ्याशिवाय दुसरं कुणी करू शकतं. दहावीतल्या पोराचा डबा असेल, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवणं असेल, रात्रीच सकाळची भाजी चिरणं असेल. एकच उचल. दोन नको, दोन उचललीस की चार दिवसांत दोन्ही परत तुझ्याच अंगावर. ते एक काम २१ तारखेपासून दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर, आणि संक्रांतीपर्यंत परत घ्यायचं नाही, त्यानं वाईट केलं तरी, आणि करणारच तो वाईट, आमच्या आजोबांच्या परातीसारखं. तुझा सकाळचा तो अर्धा तास इथूनच निघणार आहे.

आता त्या रात्रीचं. २१ ला जमलं नाही तर १८ ला कर नाहीतर २५ ला, सूर्य ह्या आठ-दहा दिवसांत जवळजवळ जागचा हलतच नाही, दक्षिणेकडं जायचं तेवढं जाऊन थबकलेला असतो. रविवार गाठ म्हणजे ऑफिसची कटकट नको. मालकांची पाण्याची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात नको, त्यांचंही अंग आहे शेवटी, गारठ्यात रात्रभर दारं धरून आलेल्या माणसाला बायकोचा आराम बघायला लावणं बरं नाही, त्यांनाही सकाळी उन्हात पडू दे.

पाणी तापव, पण तू तापवू नको, पोराला सांग. आधी तेल. करडीचं असेल तर करडीचं, तिळाचं असेल तर उत्तमच, तिळात निम्मं तेलच असतं आणि थंडीत अंगाला त्याच्यासारखं काही नाही. आता गंमत ऐक. तू लिहिलंस सासूबाईंचे गुडघे गेलेत. गुडघे गेलेत ना, हात नाही ना गेले? त्यांच्यापुढं पाटावर बस आणि म्हण, मामी, जरा डोक्याला तेल लावून द्या. (तू त्यांना आत्या म्हणत असशील तर आत्या.) बस्स एवढंच म्हण. उत्तरायण, रील, सेल्फ केअर काही बोलू नको. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या डोक्याला शेवटचं तेल कुणी लावलं असेल सांग बघू, आणि त्या म्हातारीला तरी "तुम्ही करून द्या" असं शेवटचं कुणी म्हणलं असेल? दिवसभर सगळे तिला "तुम्ही बसा" म्हणतात. मी खात्रीनं सांगत नाही की त्या लावतीलच, कदाचित म्हणतील आता काय लहान आहेस का. तरी बसून राहा. माझ्या अनुभवात हात आपोआप येतो.

अंघोळ कडकडीत पाण्यानं नको, आधीच ह्या हवेत कातडी तडकते, सोसेल इतपत गरम. पाकळ्यांच्या जागी मोसंबीची साल टाक, जालन्याची मिळाली तर उत्तमच, तेवढंच जपान. आणि दोन गोष्टी मी हात जोडून सांगते, ह्यात गंमत नाही. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल तर खिडकी उघडी पाहिजे. आणि कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं घेऊन दार-खिडक्या लावून झोपायचं नाही, थंडी कितीही पडू दे, तुमच्याकडं तर पारा पाच-सहाच्या खाली उतरतो कधी कधी. त्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. शेकायचं ते अंगणात शेका, आत येताना विझवून या.

जेवण एका भांड्यातलं. मुगाची खिचडी, वर तूप, सोबत भाजलेला पापड, संपलं. पोरगं दहावीला आहे म्हणजे पंधरा वर्षांचं आहे, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, मीठ, हळद, तीन शिट्ट्या, हे त्याला पाठ करायला प्रमेयापेक्षा सोपं आहे. त्याचा अभ्यास बुडेल म्हणू नको, वीस मिनिटांनी बोर्डाचा निकाल बदलत नाही. खिचडी पातळ झाली तर आमटीसारखी प्या. झोपताना वाटलं तर हळद घालून दूध, वसमतची हळद तुमच्या शेजारचीच, नाही प्यालीस तरी काही अडत नाही.

पोरीला लातूरला फोन कर, पण मार्क विचारू नको. हे माझं ऐकच. इथल्या क्लासच्या पोरी मी रोज बघते, आमच्या गल्लीत तीन हॉस्टेलं आहेत, रात्री दहाला आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलतात आणि पहिला प्रश्न टेस्टचाच असतो, चेहऱ्यावरून कळतं. त्या दिवशी तिला विचार जेवलीस का, पांघरूण पुरतंय का, आणि सांग की आज आजीनं माझ्या डोक्याला तेल लावलं. तिला हसू दे.

मग साडेनऊला दिवा बंद. मोबाईल दुसऱ्या खोलीत. सगळ्यात मोठी रात्र आहे, झोपायलाच आहे ती. तिकडं इराणात जागतात ते ठीक आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी पाचला उठून डबे करायचे नसतील.

घरात हसतील म्हणालीस. हसू दे की. तू काही जाहीरच करू नको म्हणजे हसायला काही उरणार नाही, कारण बघ ह्यात दिसण्यासारखं आहेच काय, एक बाई उन्हात बसली, तिनं डोक्याला तेल लावून घेतलं, पोरानं कुकर लावला आणि ती लवकर झोपली. आणि कुणी म्हणलंच की पौष आहे, पौषात नवीन काही सुरू करू नये, तर त्यांना सांग पौषात लग्नं नसतात म्हणून तर सुरू करायलेय. आहेर नाही, बस्ता नाही, मांडव नाही, साड्यांच्या घड्या नाहीत. लोक पौषाला भाकड महिना म्हणतात, मला तर तो बायकांसाठीच ठेवलेला वाटतो.

एक शेवटचं, ह्याच्याकडं दुर्लक्ष करू नको. हे सगळं करूनही रडू येत राहिलं, दोन आठवड्यांच्या वर रोजच्या रोज मन उदास, झोप लागत नाही किंवा उठवत नाही, आवडायचं ते आवडेनासं झालं, असं असेल तर तो सूर्याचा दोष नाही, डॉक्टरकडं जा. चव्वेचाळीस वय आहे, पाळी बदलायचं वय आहे, त्यातही असं होतं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह एवढ्या तपासण्या करून घे, आपल्याकडच्या निम्म्या "माझं मनच लागत नाही"च्या मागं रक्त कमी असतं असं माझं आपलं मत आहे, डॉक्टर नाही मी. आणि कुणाशी तोंड उघडून बोलावं वाटलं पण घरात नको वाटलं तर सरकारचा टेलिमानस म्हणून नंबर आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला असं एकदा जरी मनात आलं तर वाट न बघता तेव्हाच लाव. स्कूटी बाजूला घेऊन लाव, चालवता चालवता नको.

हां, आणि एक खेळ सांगते, शाळेतल्या पोरांकडून दरवर्षी करून घ्यायचे. २१ ला दुपारी बारा वीसच्या सुमाराला गच्चीत जा, परभणीत त्या दिवशी सूर्याची खरी दुपार तेव्हा होते. उत्तरेकडं तोंड करून उभी राहा, डोक्याच्या सावलीचं टोक जिथं पडतं तिथं कुणालातरी खडूनं खूण करायला सांग आणि मग पावलाला पाऊल लावत तिथपर्यंत मोजत जा. वर्षभरातली दुपारची सगळ्यात लांब सावली असते ती, जवळजवळ आपल्या उंचीएवढी. सहा पावलांच्या आसपास भरेल. संक्रांतीला परत मोज, पण साडेबाराला, तोपर्यंत दुपारही दहा मिनिटं पुढं गेलेली असते. चार-पाच बोटं आत आलेली असेल. मे महिन्याच्या मध्यात एक दिवस असा येतो की सावली पूर्ण पायाखाली जाते, दिसतच नाही. सासूबाईंनाही खुर्ची टाक वर, जिना चढवत असेल तर, नाहीतर अंगणात करा. त्यांची पण मोजा, त्यांची बसल्या बसल्या किती भरते ते मला माहीत नाही. दोघींची किती पावलं झाली ते पुढच्या पत्रात लिही.